दैतारी परिडांची नक्कल

॥ जय जगन्नाथ ॥
कटक, दि. १५ नोव्हेंबर १९७१

ती. सौदामिनी अपास,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

आज सकाळी तुमच्या पट्टामुंडाईकडचा एक माणूस प्रेसमध्ये आला. तुम्ही सगळे सुखरूप आहात असं त्याने सांगितलं, तेव्हा कुठे पंधरा दिवसांनी घशाखाली नीट घास उतरला. वादळानंतर तिकडचं टपाल बंदच होतं. आमच्या प्रेसचं छप्पर उडालं आणि आम्ही तीन दिवस चिखलातून खिळे वेचत बसलो होतो. अजून 'क' आणि 'न' कमी पडताहेत.

लिपीची अष्टमी हुकली याचं वाईट वाटतं. पहिल्या लेकराच्या अंगावर अष्टमीला मामाचे नवे कपडे नाहीत, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. फ्रॉक आणि नारळ त्याच माणसाबरोबर पाठवतो आहे. लिपीच्या बापांना, आमच्या भिणोईंना सांग, शाळा पडली तरी हेडमास्तर उभे आहेत, यातच सगळं आलं.

माझं म्हणशील तर दिवसभर दुसऱ्यांच्या कथांची प्रुफं तपासतो आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या लिहितो. मासिकाच्या पूजा अंकाकडून दोन्ही कथा साभार परत आल्या. संपादक म्हणाले की माझी माणसं पुठ्ठ्याची वाटतात. ते खोटं नाही. गाव सोडून नऊ वर्षं झाली, आता आपली माणसं कशी बोलतात ते मला फक्त तुझ्या पत्रांतून ऐकू येतं. म्हणून वादळाचं सगळं लिही. कोण गेलं, कोण राहिलं, कोण काय बोललं. तुझ्या सासूबाईंच्या शिव्यासुद्धा गाळू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढता ठेव.

तुझा,
दैता

॥ जय जगन्नाथ ॥
पट्टामुंडाई, दि. २ डिसेंबर १९७१

चि. दैतास,
अपाचे अनेक आशीर्वाद.

कपडे पोचले. फ्रॉक चार बोटं आखूड आहे. भाचीला शेवटचं कधी पाहिलं होतंस ते त्यावरून कळतं. लिपी तो घालून झोपते, काढू देत नाही.

सगळं लिही म्हणतोस, तर ऐक. आमच्या मागच्या गल्लीत पदी राहते, केवटाची बायको. तिचा नवरा वादळाच्या दिवशी होडी बांधायला नदीवर गेला तो आलाच नाही. आठ दिवस वाट पाहिली. मग बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, दहाव्या दिवशी नदीवर नेऊन न्हायला घातली. तेराव्या दिवशी तो माणूस चालत दारात. खाडीतल्या कुठल्या बेटावर अडकला होता. सगळी गल्ली नाचली. माझ्या सासूबाई नव्या बांगड्या घेऊन धावल्या. पदीने त्याला पखाळभात वाढला, कांदा-मिरची दिली, पण बांगड्यांसाठी हात काही पुढे केला नाही. ती म्हणाली की याच्या वाटणीचं रडणं मी रडून संपवलं आहे, बांगड्या भरल्या तर पुन्हा रडायला उभं राहावं लागेल. एका माणसासाठी एकदाच होतं ते. नवरा समोर बसून जेवला आणि परक्या घरी जेवल्यासारखा आपलं ताट आपणच धुऊन गेला.

सासूबाई तिला काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही, पोस्टमास्तर पत्र धरून ठेवतील. जेवणाची हेळसांड करू नकोस. मुलीकडचे लोक पाहायला येतील तेव्हा हाडं दिसता कामा नयेत.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
अपा

॥ जय जगन्नाथ ॥
कटक, दि. १० ऑक्टोबर १९७२

ती. अपास,
दैताचे साष्टांग नमस्कार, आणि या वेळी ते खरोखरचे आहेत.

सोबत पूजा अंक आहे. पान एक्केचाळीस उघड. पदी आहे. नाव बदललं आहे, गाव बदललं आहे, बाकी फारसं काही बदलायला हात झाला नाही. तुझं पत्र समोर ठेवूनच लिहिलं. 'आपलं ताट आपणच धुऊन गेला' हे वाक्य संपादकांनी मला दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले की असं वाक्य लिहायला माणूस गावात मुरलेला लागतो. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. ते वाक्य कोणाचं, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक.

रागावली असशील तर कान पकडतो. आता दर महिन्याला एक लांब पत्र हवं. तुला फुरसत कुठली हे मला कळतं, तरी हवं.

तुझ्या लोभावरच इथला डाव मांडला आहे, तो मोडू देऊ नकोस.

तुझा,
दैता

॥ जय जगन्नाथ ॥
पट्टामुंडाई, दि. २८ ऑक्टोबर १९७२

चि. दैतास,
पोटभर आशीर्वाद.

लिपीच्या बापांनी कथा मोठ्याने वाचली. मी आतून वडे तळता तळता पुढची वाक्यं आधीच म्हणत होते. त्यांनी विचारलं की तुला कसं ठाऊक, तर म्हटलं, भाऊ माझा आहे. तुझं नाव छापलेलं पाहून इतकं बरं वाटलं की वड्यांचा एक घाणा करपला.

घे रे, हवं ते घे. माझ्याकडे काय वाक्यांचा दुष्काळ पडला आहे? एक मात्र सांगते, सुरुवातीचा तो सूर्यास्त तुझा आहे ना, तसला पुन्हा घालू नकोस. आमच्याकडे सूर्य इतका वेळ घेत नाही.

अशीच नावं काढत राहा. जीव तुझ्यापाशी आहे, हे काय सांगायचं.

तुझी,
अपा

॥ जय जगन्नाथ ॥
पट्टामुंडाई, दि. १८ ऑगस्ट १९८०

चि. दैतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. हल्ली तुझं कार्डच येतं, आणि त्यावर 'सगळं लिही' एवढंच असतं. मी मात्र पानंच्या पानं लिहिते. सवय म्हण. तुझे सात संग्रह लिपीने कपाटात ओळीने लावले आहेत. प्रेस सुटली, कॉलेजात शिकवायला लागलास, रेडिओवर तुझा आवाज आला की शेजारणी आमच्या ओसरीत जमतात. या सगळ्याचा मला अभिमान आहे, हे आधी लिहून ठेवते.

आता दुसरं. निशामणी म्हणून एक बाई आहे, तुला तिच्याबद्दल मी कधी लिहिलं नाही. तिचा नवरा नळकामाला कोलकात्याला गेला आणि तिथेच दुसरं घर करून बसला. सावित्रीच्या अमावास्येला ही उपास करते, आणि दर वर्षी बांगड्यांचा एक जोड कोलकात्याच्या त्या बाईला पोस्टाने पाठवते. विचारलं तर म्हणते की तिनेही धरला तर उपास दुप्पट होईल, माणूस जगेल तरी, कुठे का असेना. हे एवढं एकच मी तुझ्यापासून राखून ठेवलं. त्याची कथा मी लिहिली, दैता. बावीस पानं झाली. लिपीने सुवाच्य उतरवून दिली आणि आषाढात तुझ्याच त्या मासिकाकडे माझ्या नावाने पाठवली.

परवा ती परत आली. संपादकांनी वर लिहिलं आहे: 'भाषा सराईत आहे, परंतु ही दैतारी परिडांची सहीसही नक्कल आहे. नवोदित लेखिकेने थोरांच्या सावलीतून बाहेर यावे.' मी आधी हसले. लिपी हसली नाही. तिने माझी परत आलेली पानं आणि तुझे संग्रह शेजारी ठेवले आणि ओळीला ओळ लावून पाहत बसली.

तू त्या मासिकाचा सल्लागार आहेस. एक ओळ लिही त्यांना. ही माझी बहीण आहे, आणि ही भाषा तिचीच आहे, एवढंच. मागचं काही उकरून काढायचं नाही मला. माझं नाव घालून छापलेली एक कथा मला पाहायची आहे. एकच. बाकीच्या सगळ्या तुझ्या.

लोभाची आठवण करून द्यायची वेळ आणू नकोस.

तुझी,
अपा

॥ जय जगन्नाथ ॥
कटक, दि. २ सप्टेंबर १९८०

ती. अपास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. तू कथा लिहिलीस, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस.

ओळ लिहायला माझं काय जातं? पण थोडी वेळ पाहायला हवी. यंदाच्या पुरस्कारासाठी माझं नाव आहे. पाच परीक्षकांपैकी दोघं माझ्यावर टपून बसलेले. त्यात विद्यापीठाचा एक विद्यार्थी माझ्या लेखनावर प्रबंध करतो आहे आणि जुने कागद दाखवा म्हणून दर रविवारी येऊन बसतो. अशात 'ही भाषा तिची' असं मी लिहिलं तर त्याचा अर्थ लोक काय लावतील, तूच सांग. कार्तिक संपेपर्यंत थांब. नंतर मी स्वतः तुझी कथा घेऊन संपादकांकडे जाईन.

तोवर एक सुचवू का? तुझी वाक्यं जरा लांब करून बघ. थोडं वर्णन घाल. म्हणजे वाचणाऱ्याला माझी आठवण यायची नाही. आणि निशामणीचा विषय फार मोलाचा आहे. तुझ्या हातून बदल होत नसतील तर टिपणं माझ्याकडे पाठव, वाया जायला नको.

रागावू नकोस. तुझा हात पाठीवर आहे म्हणून मी आहे.

तुझा,
दैता

॥ जय जगन्नाथ ॥
पट्टामुंडाई, दि. १२ सप्टेंबर १९८०

चि. दैतास,
आशीर्वाद.

थांबते. इतकी वर्षं थांबले हे मला माहीतच नव्हतं, आता माहीत असून दोन महिने थांबते.

वाक्यं लांब करून पाहिली. लिपी म्हणाली की बोऊ, ही बाई कोण बोलते आहे? मग पुन्हा होती तशी केली. निशामणी तुला मिळणार नाही.

पुरस्कार मिळो. मनापासून म्हणते आहे.

अपा

॥ जय जगन्नाथ ॥
पट्टामुंडाई, दि. ५ डिसेंबर १९८०

दैतारीस,

वर्तमानपत्र आमच्या गावात दुपारच्या बसने येतं. लिपीच्या बापांनी शाळेतच सगळ्या मास्तरांसमोर उघडलं. तुझा फोटो, गळ्यात शाल, हातात ताम्रपट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तुझं भाषण वाचायला घेतलं आणि मधेच थांबले. उरलेलं दुसऱ्या मास्तरांनी पुरं केलं. तू म्हणालास की माझी मोठी बहीण निरक्षर आहे, तिच्या तोंडच्या गावगप्पा ऐकत मी वाढलो, त्या मातीला फक्त आकार दिला. त्यावर सभागृह उभं राहिलं, असं छापलं आहे.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. गणेशपूजेला तुझ्या मुठीत खडू देऊन जमिनीवर अक्षरांआधीचे पहिले तीन गोल कोणी काढून घेतले? तू 'अ' उलटा काढायचास, महिनाभर. माझी शाळा सहावीला सुटली ती तुला सांभाळायला. निरक्षर हा शब्द तुला आला कसा, मला कळत नाही. चुकून येणारा शब्द नाही तो. शोधून घ्यावा लागतो.

आमचे पोस्टमास्तर दर महिन्याला तुझ्या नावाचं जाड पाकीट माझ्या हातून घेत आले आहेत. परवा तेच हसत म्हणाले की मग ती पत्रं हेडमास्तर लिहून देत असतील. ते थट्टा करत नव्हते. छापलेलं आहे ना, मग माझ्या हातापेक्षा ते खरं. आता मी कथा पाठवली तर ती कोणी लिहून दिली असं विचारतील, आणि उत्तरही तूच देऊन ठेवलं आहेस.

अष्टमीचं पार्सल भाषणानंतर आठवड्याने आलं. साडी चांगली आहे. हळदीच्या पानांत एंडुरी उकडली, वास घरभर होता, लिपीला ओवाळलं. ती जुन्याच साडीत पाटावर बसली. मी आग्रह केला नाही. वादळाच्या वर्षीही उशिरा का होईना, लागलं होतं; अठरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाला मामाचं वस्त्र लागलं नाही. पार्सल परत पाठवते आहे.

एवढं कर. माझी पत्रं मला परत दे. सगळी. शंभराच्या वर असतील. त्यावर तारखा आहेत, पोस्टाचे शिक्के आहेत. कोणाला दाखवणार नाही मी, पण माझ्या घरात ती असायला हवीत. माझ्या मुलीला तरी पुढे म्हणता येईल की माझी आई लिहीत होती.

लोभाचं वाक्य या वेळी लिहीत नाही.

सौदामिनी

कटक, दि. २२ डिसेंबर १९८०

ती. अपास,
सा. न. वि. वि.

तीनदा लिहून फाडलं, हे चौथं.

भाषण लिहून नेलं नव्हतं. उभा राहिलो, समोर हजार माणसं. तुझं नाव तोंडात आलं आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना. बहीण लिहिते म्हटलं असतं तर काय लिहिते हा प्रश्न आला असता. म्हणून तो शब्द बोललो. बोलल्यावर टाळ्या पडल्या आणि मग मागे घेता आला नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगतो.

पत्रं नाहीत, अपा. पुरात गेली असं लिहिणार होतो. तुझ्याशी एवढं तरी खोटं बोलणार नाही. आश्विनात, निकालाच्या आधी, तो प्रबंधवाला विद्यार्थी ट्रंक उघडून बसला होता. वरचीच गठडी तुझी होती. त्याच्या हातून काढून घेतली, आणि तो गेल्यावर मागच्या अंगणात जाळली. जाळताना शेवटचं एक वाचलं. इतकं चांगलं होतं ते, की अर्ध्यात वाचणं थांबवलं.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण. पण काहीतरी म्हण.

दैता

कटक, दि. ९ ऑगस्ट १९८१

ती. अपास,
दैताचे नमस्कार.

आठ महिने झाले, तुझं अक्षर नाही. भिणोईंचं कार्ड येतं, सर्व क्षेम म्हणून.

तू सांगितलेली ओळ मी लिहिली. नुसती ओळ नाही, स्वतः संपादकांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. पदी, बांगड्या, ताट, सात संग्रह. ते चहा ढवळत ऐकत होते. माझं झाल्यावर डोळे पुसून म्हणाले की दैतारीबाबू, बहिणीवर इतका जीव लावणारा भाऊ मी पाहिला नाही, तिच्या आनंदासाठी तुम्ही आपली कथासुद्धा तिला द्यायला निघालात. मी शपथ घेतली. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले की घरी तब्येत बरी आहे ना? कोणाला दाखवायला माझ्याकडे एक कागद उरलेला नाही, आणि तेही माझ्याच हाताने झालं.

तरी ते छापायला तयार आहेत. या पूजा अंकात, तुझ्या नावाने. मला मान देऊन का होईना, छापतील. निशामणी पाठव. पाया पडतो.

वर्षभरात मी एकही कथा लिहिली नाही. तीन अंकांनी मागितली. बसतो, आणि माणसं पुन्हा पुठ्ठ्याची होतात. हे तुला सुचवायला लिहीत नाही. तुझ्याशिवाय हे सांगायला मला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितो.

उरलासुरला काही लोभ असेल तर उत्तर दे.

दैता

पट्टामुंडाई, दि. ३० ऑगस्ट १९८१

ती. मामूंस,
लिपिकाचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. बोऊची प्रकृती ठीक आहे. हात दुखत नाही, डोळेही चांगले आहेत. अक्षर माझं दिसल्यामुळे काळजी वाटू नये म्हणून हे आधी लिहिते. ती शेजारी बसली आहे. ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे.

निशामणीची कथा आता नाही. आपला मान राखून छापली जाणार हे कळल्यावर तिने ती चुलीत घातली. मी अडवलं होतं. उतरवलेली प्रतही तिने मागून घेतली.

त्याआधी, या आठ महिन्यांत, ती नवीन काही लिहायला तीन वेळा बसली होती. दरवेळी दीड-दोन पानं झाली की वाचायची आणि काट मारायची. मी कारण विचारलं. तिने सांगितलं की वाचताना हे मामूंचं वाटतं. मी म्हटलं की ते तुझंच आहे. तिने सांगितलं की तिला ते माहीत आहे, पण आता वाचताना तसं वाटत नाही, आणि दुसऱ्या तऱ्हेने लिहिणं तिला येत नाही. श्रावणापासून ती बसलेली नाही. पेन मला दिलं आहे.

यापुढे खुशालीची पत्रं मी लिहीन. बापांची शाळा ठीक चालली आहे. पाणी यंदा अंगणापर्यंत आलं आणि उतरलं. गाय व्याली. माझं लग्न मार्गशीर्षात ठरत आहे, तारीख कळवू. मामूंच्या हातून करायचे विधी कोणी करायचे ते बोऊने अजून सांगितलेलं नाही.

लोभाबद्दल काय लिहायचं ते मी तिला दोनदा विचारलं. तिने काही सांगितलं नाही, म्हणून ती जागा सोडून दिली आहे.

पत्र सुरू करण्याआधी तिने मला एक बजावलं होतं. तिचं सांगणं मी माझ्या शब्दांत लिहायचं, तिचं एकही वाक्य जसंच्या तसं आपल्याकडे जाता कामा नये. लिहून झाल्यावर तिने सगळं वाचून घेतलं. गाईच्या मजकुरानंतर एक वाक्य तिचं आलं होतं. तिथे जी खाडाखोड दिसते, ती तिने स्वतः केली आहे.

आपली,
लिपिका जेना